वाटेवरचा बांधलेला दगड

२८ सप्टेंबर

आजपासून बागेची नोंद ठेवायची. कानाझावाच्या पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म गेला. तिथं जे लिहिलं नाही ते झालंच नाही असा नियम होता, आणि तो चांगला नियम आहे.

मार्चमध्ये निवृत्त झालो. उन्हाळाभर घरात लक्ष घातलं. फ्रीजमधल्या डब्यांवर तारखा लावल्या, टॉवेलांच्या घड्या एका मापात आणल्या, तांदूळ किती पाण्यांनी धुवायचे ते फुसाएला समजावून सांगितलं. ती दर वेळी "असं का" म्हणाली. भांडण नाही, तंडण नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

आता बाग. ही फुसाएच्या आजोबांनी केली. मी घरजावई, आडनावसुद्धा त्यांचंच लावतो. आजोबा मासळीचे घाऊक व्यापारी होते. घरी आल्यावर माशाचा वास डोक्यातून जावा म्हणून त्यांनी ही बाग केली, असं सासरे सांगायचे. ओसरीवर बसलं की समोर शेवाळ, मधे वाकडा पाइन, दगडी दिवा, आणि शेवाळातून फाटकाकडे गेलेली पायदगडांची वाट. फाटकापलीकडे चहाची खोपी. तिथं फुसाए गावातल्या बायकांना चहा करण्याची रीत शिकवते.

रोज पहाटे फुसाए शेवाळातलं तण वेचायची. लग्न झाल्यापासून बघतो आहे. गुडघे दुखत असणारच. काल मी म्हटलं, "पुरे झालं आता. तू आराम कर, बाग माझ्याकडे." ती हातातल्या तणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असं का." आनंदानं शब्द फुटत नसावा.

शेजारच्या त्सुजीबाई कुंपणावरून बघत होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडेही एक ओलं पान आहे हो, निवृत्त झाल्यापासून. बुटाला चिकटलंय, झाडलं तरी जात नाही."

मी सांगितलं की ओल्या पानांवर झाडू चालत नाही, ती हातानंच उचलावी लागतात. त्या बराच वेळ हसल्या. मोकळ्या स्वभावाच्या आहेत.

३ ऑक्टोबर

शेवाळात जागोजागी जांभळ्या रानफुलांची रोपं उगवली होती. कुणाची परवानगी नाही, काही नाही. दंतवैद्याकडे असतो तसला बारीक चिमटा आणला आणि सगळी उपटली. आता शेवाळ साहेबांच्या टेबलावरच्या हिरव्या कापडासारखं दिसतं.

सकाळी फुसाए अचानक ओसरीवरून उतरली, पाइनखाली उकिडवी बसली आणि नखानं एक तण काढलं. मी ताबडतोब गेलो. नखानं काढलं की मूळ आत राहतं. चिमटा कसा धरायचा ते दाखवलं. शिवाय ती बसली होती ती बाजू मंगळवारची होती.

"मंगळवारची?" ती म्हणाली.

"मी बागेचे भाग पाडलेत."

"असं का." हात झटकून आत गेली.

दुपारी चिनात्सुचा फोन आला. आमची मुलगी, सापोरोला असते. मायलेकी खूप वेळ बोलत होत्या, दार लोटून घेऊन. फोनचं बिल आता येत नाही तसं, पण तरी.

९ ऑक्टोबर

माळी गोन्दा आला. सासऱ्यांच्या वेळचा माणूस. सासरे जाऊन किती वर्षं झाली, अजून मला "जावईबापू" म्हणतो. वाटेवरचे दगड बघतो म्हणाला. मी मागच्या अंगाला होतो. थोड्या वेळानं मोठी किंकाळी आली. जाऊन बघतो तर गोन्दा वाटेवर हातापायांवर उभा, कंबर धरलेली. पुतण्याला बोलावलं. त्यानं काकाला छोट्या ट्रकच्या हौद्यात चटईवर आडवं घातलं. निघताना गोन्दा हात वर करून "दगड... अहो, तो दगड..." असं काहीतरी कण्हत होता. मी म्हटलं, "दगडांची काळजी करू नकोस, मी आहे ना!"

जेवताना फुसाए म्हणाली, पुढच्या महिन्यात खोपीतली हिवाळ्याची चूल उघडायची आहे, साफसफाई बरीच आहे, तर काही दिवस तिथंच झोपते. अंथरूण उचललं आणि रस्त्यानं वळसा घालून खोपीच्या मागच्या दारानं गेली. बागेतून सरळ वाट असताना एवढा फेरा का, कळलं नाही.

१० ऑक्टोबर

सकाळी वाटेवर बांधलेला दगड दिसला.

मोसंब्याएवढा, काळ्या दोरीनं आडवाउभा बांधलेला, फाटकाच्या थोडा अलीकडे, बरोबर वाटेच्या मधोमध. बांधलेला दगड म्हणजे इथून पुढे येऊ नये. पाटी लावायची नाही, तोंडानं सांगायचं नाही. पाहुण्यानं दगड बघायचा आणि मुकाट्यानं वळायचं. मांजरसुद्धा सहज ओलांडेल, पण माणूस ओलांडत नाही. बागेतली सगळ्यांत भक्कम भिंत तीच, असं सासरे म्हणायचे.

फुसाएनं ठेवला, उघड आहे.

मला राग आला. मग वाईट वाटलं. मग परत राग आला. मी असं काय केलं? आराम कर म्हटलं, हा गुन्हा झाला?

असो. दगड आहे तर आहे. मी तो ओलांडणार नाही. आजवर मला कुणी अडाणी म्हटलेलं नाही, आणि आता या वयात नको.

१५ ऑक्टोबर

एक पद्धत बसत चालली आहे. सकाळी मी दगडाच्या अलीकडे येतो, ती पलीकडे येते. दोघं वाकून नमस्कार करतो.

"गार पडलंय आज."

"पडलंय खरं."

"दुपारी ऊन येईल."

"येईल, येईल."

दगडाकडे दोघंही बघत नाही. ते बरं दिसणार नाही.

काल मी भाजलेली रताळी बशीत घालून दगडाशेजारी ठेवली. आज बशी धुतलेली, त्यात मुरवलेला सलगम. म्हणजे राग नसावा. मी सदरा ठेवला, बटण तुटलेला. संध्याकाळी सदरा आला, बटण लावलेलं, इस्त्रीसुद्धा. एवढं सगळं दगडावरून जातं-येतं, माणसं तेवढी नाहीत.

२६ ऑक्टोबर

त्सुजीबाई कांद्याची पात घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमची मंडळी रोज भेटतात हो गावच्या सार्वजनिक स्नानगृहात. आम्ही एकमेकींची पाठ चोळतो."

"काही म्हणते?"

"काय म्हणणार? म्हणतात, ह्यांना बागेत कुणी पाऊल ठेवलेलं खपत नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे, समोरच्या पोरांचा चेंडू दोनदा आत आला.

बाईंनी माझ्याकडे, झाकण न निघणाऱ्या बरणीकडे बघावं तसं बघितलं. "अख्ख्या कानाझावाचे नळ सुरळीत केलेत आयुष्यभर," त्या म्हणाल्या, "आणि घरचा तुंबलाय तो दिसत नाही!"

त्या गेल्यावर स्वयंपाकघरातला आणि न्हाणीतला, दोन्ही नळ तपासले. तुंबलेले नाहीत.

३ नोव्हेंबर

गावात सगळीकडे पाइनना दोऱ्या लागल्या. आपल्याकडचा बर्फ ओला आणि जड, बेसावध फांदी एका रात्रीत मोडते. गोन्दाची कंबर अजून जमिनीला टेकलेली आहे, तेव्हा म्हटलं आपणच करू. खोडाशेजारी उंच वासा उभा केला, टोकाला दोऱ्यांचा जुडगा. एकेक दोरी खाली आणायची, एकेक फांदी बांधायची, सगळ्यांवर ताण सारखा. वाचायला सोपं आहे.

इतकी वर्षं गोन्दा वर असायचा आणि फुसाए ओसरीवर उभी राहून हुकूम सोडायची. "जरा सैल. अहो, तेवढी नको! डावी बघा, डावी रडतेय." मला ती बडबड वाटायची. आज कळलं की शिडीवरच्या माणसाला झाड दिसतच नाही, हातातली फांदी तेवढी दिसते.

दोन दोऱ्या माझ्या मानेभोवती गेल्या. सोडवता सोडवता खोपीकडे नजर गेली. फुसाए दारात उभी होती. तिनं हात वर केला, काही सांगावं तसा. मग खाली घेतला आणि आत गेली. दार सरकवल्याचा आवाज आला.

पाइन आता वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखा दिसतो. मी एकट्यानं केलं, हे लक्षात घेतलं पाहिजे.

८ नोव्हेंबर

बाजारात खेकडे आले. लहान, अंड्यांनी भरलेले, फुसाएच्या आवडीचे. दोन घेतले, तिचा दगडाशेजारी ठेवला.

जेवायला बसलो तेवढ्यात चिनात्सुचा फोन.

"बाबा, आई सोळा डिसेंबरला येतेय. खोली रंगवून घेतली तिच्यासाठी."

"बरं झालं. थंडीत हवापालट. किती दिवस?"

ती म्हणाली, "तिकीट एकाच बाजूचं आहे, बाबा."

मी म्हटलं, नव्या वर्षाच्या सुमारास परतीचे दर भयंकर असतात, नंतर काढलेलं बरं. आईला हिशेब कळतो.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही तिच्याशी बोलता का?"

"रोज सकाळी."

"कशावर?"

"हवेवर."

"आई गं," असं म्हणून तिनं फोन ठेवला. आई तिच्या शेजारी नव्हती, तरी.

अर्धा खेकडा टाकून दिला. शिळा असावा. पण ज्या कोळिणीकडून घेतला ती शिळं विकत नाही.

१२ नोव्हेंबर

एकाच बाजूचं तिकीट म्हणजे काय, ते मला कळतं. त्या दिवशीही कळलं होतं. लिहायचं राहिलं.

२१ नोव्हेंबर

सकाळपासून ढग गडगडताहेत. समुद्रात मोठी मासळी आली आणि मागोमाग बर्फ येणार, याची ही वर्दी.

गोन्दा आला, कमरेला पट्टा बांधून. आधी पाइनकडे बघितलं. "जावईबापू, हे कुणी केलं? वादळानं?" मग तो वाटेकडे वळला आणि थबकला.

"अरेच्चा! माझा दगड अजून इथंच?"

"तुझा?"

"माझाच की. त्या दिवशी पुढचा पायदगड हलत होता. नीट करायला वाकलो आणि कंबर गेली. कुणी पडू नये म्हणून पिशवीतला बांधलेला दगड कसाबसा ठेवला. ट्रकमधून बोंबलून सांगत होतो की तुम्हाला! दोनचार दिवसांत येतो म्हटलं, पण कंबर काही उठू देईना. मग डोक्यातूनच गेलं." मग त्यानं डोळे बारीक केले. "तुम्ही तेव्हापासून पलीकडे गेला नाहीत?"

"दगड होता."

"आणि बाईसाहेब?"

"त्याही नाहीत."

गोन्दा हसायला लागला. हसता हसता कंबर धरली आणि विव्हळायला लागला, आणि विव्हळता विव्हळता परत हसला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मग त्यानं पायदगड उचकटून खाली खडी ठोकली, दगड पक्का केला, बांधलेला दगड पिशवीत टाकला आणि उद्या दोऱ्या सोडवायला येतो म्हणून गेला.

म्हणजे फुसाएनं ठेवला नव्हता. मग ती का थांबली? तिला वाटलं, मी ठेवला. पण मी कशाला ठेवीन? मी असं काय केलं होतं की तिला तसं वाटावं?

हा प्रश्न लिहून वही मिटतो.

२२ नोव्हेंबर

सकाळी मी नेहमीच्या जागी आलो. ती तिच्या जागी आली. मधे दगड नव्हता. दोघांनी ते बघितलं.

"ढग आहेत आज," मी म्हटलं.

"आहेत," ती म्हणाली.

आणि दोघं आपापल्या बाजूला परतलो. मधे काहीही नव्हतं, तरी.

२७ नोव्हेंबर

आजही नाही.

दगड होता तोवर बरं होतं. मी सभ्य माणूस होतो. आता वाट मोकळी आहे आणि मला भीती वाटते. मी पलीकडे जाऊन उभा राहीन आणि ती "असं का" म्हणेल. एवढीच भीती. पण फार मोठी आहे.

गोन्दानं माझ्या दोऱ्या सोडून नव्या बांधल्या. फुसाएला हाक मारायला सांगितलं नाही मी, आणि त्यानंही मारली नाही. ओसरीवर मी उभा राहिलो. "कसं दिसतंय?" त्यानं वरून विचारलं. मला सांगता आलं नाही.

४ डिसेंबर

त्सुजीबाई दारात. आज हातात काही नाही, चेहरा गंभीर.

"तुम्हाला बोलावणं आहे. दहा तारखेला, दुपारच्या चहाला. खोपीत. पाहुणे तुम्ही एकटेच."

"निमित्त?"

"निरोपाचा चहा, म्हणाल्या."

"निरोप कुणाला?"

बाईंचा आवाज चढला. "मला विचारता? अहो, मला? तिची पाठ चोळता चोळता मी रडते आणि ती माझीच समजूत काढते, आणि तुम्ही मला विचारता!"

दरवाजा त्यांनी आपटला असं म्हणणार नाही, सरकता आहे. पण आपटला.

७ डिसेंबर

पाहुण्यानं कसं वागावं याचं पुस्तक आणून वाचतो आहे. या घरात एवढी वर्षं काढली, पण पाहुणा म्हणून मी खोपीत कधी गेलो नाही. सासऱ्यांच्या काळात पाहुणे आले की घरजावयानं कोळसा पोचवायचा आणि पाहुण्यांच्या छत्र्या सांभाळायच्या. पुढे कचेरी. त्यानंतर बाग, तीसुद्धा चिमट्यानं.

पाहुण्यानं विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. भिंतीवरच्या अक्षरांबद्दल, फुलाबद्दल, चहाचा वाडगा कुठला, बांबूच्या चमच्याचं नाव काय. पाठ केलेत.

१० डिसेंबर

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

ठरल्या वेळी ओसरीवरून उतरलो. पायदगडांवर पाणी शिंपडलेलं होतं. वाट ओली म्हणजे घर तयार, या. म्हणजे ती पहाटे इथवर, माझ्या बाजूला, येऊन गेली होती आणि मला कळलंसुद्धा नाही.

आजोबांचे दगड लहान आहेत, वेडेवाकडे बसवलेले. पायाकडे बघितल्याशिवाय चालता येत नाही. मला हे नेहमी खटकायचं, सरळ बसवले असते तर निम्म्या वेळात पोचलो असतो. आज खाली मान घालून एकेक पाऊल टाकत गेलो. पाय कुठे ठेवायचा याखेरीज डोक्यात दुसरं काही राहिना. पाठ केलेले प्रश्न गेले. सापोरो गेलं. मग एक रुंद दगड आला, दोन्ही पाय नीट मावतील असा. माणूस तिथं आपोआप थांबतो आणि मान वर करतो.

मी मान वर केली, तर घर नव्हतं. पाइननं झाकलं होतं. ओसरीवरून मला वाटायचं, हे झाड शोभेला आहे. ते घर दिसू नये म्हणून आहे. गोन्दाच्या दोऱ्या वाशाच्या टोकावरून खाली उतरल्या होत्या, त्यांच्या मागे ढगात बुडालेला डोंगर, आणि खालून पाणी ठिबकल्याचा आवाज. आजोबा इथंच थांबत असणार, माशांचा भाव, बर्फ, ओरडाआरडा सगळं मागे टाकून. एवढ्याशा जागेत त्या माणसानं घरापासून फार लांब जायची सोय करून ठेवली होती. मी त्या जागेचे वारांप्रमाणे भाग पाडले.

फाटकापलीकडे तिची बाजू. दोन महिने ती तिनं सांभाळली होती. शेवाळावर चारदोन लाल पानं होती, ठेवलेली की पडलेली ते सांगता येणार नाही. मी उपटली तसली रानरोपं काठाकाठानं राहू दिलेली. तिच्या बाजूचं शेवाळ माझ्यापेक्षा चांगलं होतं. हे लिहायला त्रास होतो.

फाटकाअलीकडच्या पाहुण्यांच्या बाकावर बसलो. थोड्या वेळानं फुसाए फाटकापाशी आली. करडा किमोनो, तिच्या आईचा. या वेळी बोलायचं नसतं. ती वाकली, मी वाकलो. तिनं केस कापले होते. कधी कापले कोण जाणे, रोज सकाळी तर बघत होतो.

दगडी कुंडी एवढी खाली आहे की उकिडवं बसल्याशिवाय पाणी घेता येत नाही. हात धुतले, चूळ भरली. खोपीच्या पाहुण्यांसाठीच्या छोट्या दारातून गुडघ्यांवर सरपटत आत गेलो आणि डोकं आपटलं.

चहा झाला. ती वाडगा पुसत होती, पाण्याचा आवाज चालू होता. पाहुण्यानं विचारायची वेळ आली. भिंतीवर काय लिहिलं होतं, आता आठवत नाही. मी तोंड उघडलं आणि निघालं ते असं:

"इथं थंडी वाजत नाही का तुला?"

तिचा हात थांबला.

"वाजते," ती म्हणाली.

चूल होती, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"मग घरात का नाही आलीस?"

"वाटेवर तुम्ही दगड ठेवलात."

"मी नाही. गोन्दानं ठेवला. पायदगड हलत होता. मला वाटलं, तू."

"मी कशाला ठेवू?"

"मी तरी कशाला?"

तिनं वाडगा खाली ठेवला. "बाग तुमची झाली ना! मंगळवारची बाजू, बुधवारची बाजू. माझा वार कुठला, ते तुम्ही सांगितलं नाहीत. पहाटेचा तेवढा एक तास माझा होता. कुणाची भाजी नाही, कुणाचा डबा नाही. आई गेली तेव्हा मी तिथं रडले, चिनात्सु गेली तेव्हा तिथं रडले. आणि तुम्ही म्हणालात, आराम कर." तिचा आवाज चढला नव्हता. "नंतर दगड दिसला. म्हटलं, आता अगदी बांधूनच ठेवला यांनी."

मला वाटलं होतं तिचे गुडघे दुखत असतील. तेसुद्धा कधी विचारलं नव्हतं.

"दगड गेल्यावरही आला नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"का?"

"तू असं का म्हणशील म्हणून."

तिनं वाडगा धुऊन फडक्यात गुंडाळला, गाठ मारली. बांधाबांध चालू आहे हे दिसत होतं. कोपऱ्यात बॅग होती.

पाहुण्याला निघावं लागतं. मी वाकलो, सरपटत बाहेर आलो. मागे ते छोटं दार उघडं ठेवून ती बसली होती. पाहुणा दिसेनासा होईतो यजमानानं बघायचं आणि पाहुण्यानं मागे वळून न रेंगाळता जायचं, अशी रीत आहे. मी फाटकापर्यंत गेलो. पुढचा दगड पक्का होता. त्यावर पाय ठेवला असता तर घरी पोचलो असतो आणि सगळं रीतीप्रमाणे झालं असतं.

मी वळलो. वाट सोडून सरळ दाराशी परत गेलो. तिनं डोळे मोठे केले.

"फुसाए, बाग तुमच्या घराची आहे. मी घरजावई. मला यातलं काही कळत नाही. मी दीड महिना त्या दगडासमोर उभा राहिलो आणि मला वाटलं मी सभ्य आहे. जाऊ नकोस. मला तुझ्याशिवाय राहता येत नाही, आणि तुला हे सांगायला मला कुणी शिकवलं नाही, पण ते निमित्त झालं. जाऊ नकोस."

मी हे मोठ्यानं बोललो असणार. कुंपणापलीकडे त्सुजीबाईंच्या हातातून काहीतरी पडलं.

फुसाए माझ्याकडे बघत होती. मग माझ्या पायांकडे.

"अहो," ती म्हणाली, "शेवाळावर उभे आहात तुम्ही."

खाली बघितलं. खरंच होतो. फाटकापासून दारापर्यंत माझ्या पावलांचे खड्डे उमटले होते, सरळ रेषेत.

"सरका! किती वेळ उभे राहणार? तिकडं नाही, दगडावर. दगडावर, म्हटलं ना!"

मी दगडावर गेलो. ती त्या छोट्या दारातून बाहेर आली, आईचा किमोनो गुडघ्यापर्यंत खोचला आणि खाली बसली. दबलेलं शेवाळ बोटांनी खालून उचलत, थोपटत, एकेक पाऊल बुजवत फाटकाकडे सरकत गेली. मधेच म्हणाली, "एवढे मोठे पाय," आणि नाक ओढलं. नखांत माती गेली होती. मला तो चिमटा आठवला, पण मी गप्प बसलो.

१६ डिसेंबर

रात्रीपासून बर्फ. फुसाए पहाटेच ओसरीवर जाऊन उभी राहिली आणि मी बांबू घेऊन पाइनखाली. "डावीकडची झटका. हळू! अहो, झाड आहे ते, सतरंजी नाही!" अंगभर बर्फ पडला माझ्या.

सापोरोची विमानं आज उडाली नाहीत म्हणे. आम्हाला त्याचं काही नव्हतं.